तहान लागत नाही

४ फेब्रुवारी

आलो एकदाचा. चौथा मजला, दोन खाटांची खोली, खिडकीतून खाली गाड्यांचा तळ दिसतो. चादरी इतक्या पांढऱ्या की टेकायला संकोच वाटला. सव्वीस वर्षं बेकरीत काढलेला माणूस मी, नखांतून अजून मैदा निघतो. वजन केलं, एकशे एकतीस किलो. सिस्टर गंभीर चेहऱ्याने आकडा लिहीत होती. काट्याला विम्याचं संरक्षण आहे ना, असं मी विचारल्यावर मात्र फिसकन हसली.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा सगळं समजावलं. गोळी नवी आहे, अजून बाजारात नाही. एरवी अशा औषधांच्या सुया घ्याव्या लागतात, ही पोटात घ्यायची. रोज सकाळी एक. शरीरातल्या चार निरनिराळ्या जागांवर एकदम काम करते, म्हणून भूकही कमी, साखरही कमी. बारा आठवडे इथेच मुक्काम. बायकोने सहीआधी सगळे कागद दोनदा वाचले. माझ्या डाव्या पायाची दोन बोटं साखरेने गेली, तेव्हापासून ती प्रत्येक कागद दोनदा वाचते. लेकीचे दिवस एप्रिलमध्ये भरतात. नातवंडाला कडेवर घेऊन चार पावलं चालता यावं, एवढ्यासाठी ही सगळी यातायात.

शेजारच्या खाटेवर निवृत्त मास्तर आहेत, गणिताचे. माझ्याआधी पंधरा दिवस आलेत. बडबडे आहेत. माझी गट्टी जमणार.

१० फेब्रुवारी

ताटात अर्धा पाव उरला. माझ्या ताटात! बायकोला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अहो, बरं आहे ना तुम्हाला?" जन्मभर डोक्यात एक भुंगा असायचा. जेवताना पुढच्या खाण्याचा विचार, झोपताना सकाळच्या खाण्याचा. तो भुंगाच गेलाय. इतकी शांतता मला ठाऊकच नव्हती. बारीक माणसं अशीच राहतात काय? मग त्यांनी आम्हाला खादाड म्हणण्यात काय मोठा पराक्रम केला?

१ मार्च

एकशे अठरा. साखर तर शाळेतल्या पोरासारखी. परवा डोस वाढवला, मास्तरांचा त्याआधीच वाढला होता. मोठे डॉक्टर स्वतः येऊन पाठ थोपटून गेले. लेकीला विजारीचा फोटो पाठवला, कंबरेत दोन मुठी मावतात.

मास्तर अलीकडे कमी बोलतात. रोज सकाळी कोडी सोडवायचे, ते बंद झालंय. मी विचारलं तर म्हणाले, सुटतात हो, पण सोडवावीशी वाटत नाहीत.

१४ मार्च

आज सिस्टर रागावली. सकाळी भरलेला पाण्याचा तांब्या संध्याकाळी तसाच होता. मला पत्ताच नाही. ओठ फुटलेत, जीभ टाळ्याला चिकटते, पण पाणी प्यावंसं वाटत नाही. तहान लागत नाही. साखर वाढल्यावर घटाघट पाणी पिणारा माणूस मी! तिने समोर उभं राहून दोन पेले पाजले. डॉक्टरीणबाईंनी नोंद केली, तासातासाने पाणी प्यायचं ठरवून दिलं. मोबाइलवर गजर लावलाय.

२२ मार्च

लेक आधीच मोकळी झाली. मुलगी. आज जावई आणि ही, दोघं तिला दुपट्यात गुंडाळून घेऊन आले. हिने नात माझ्या हातात दिली.

लिहायला लाज वाटते, पण ही माझी वही आहे. मला काही वाटलं नाही. वजन असेल तीनेक किलो, हे कळलं. बोटं, नखं, सगळं पाहिलं. तिने माझा अंगठा धरला आणि मी विचार करत होतो, आता चेहरा कसा करायचा. केला. हसलो. जावई फसला. ही फसली नाही. पोर परत घेताना तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं चुकून परक्याच्या दाराची घंटा वाजवल्यावर माणूस पाहतो.

ती गेल्यावर भीती वाटली. वाटली म्हणून बरं वाटलं.

२५ मार्च

मास्तर गेले.

सकाळी अकराला मी तपासणीला गेलो तेव्हा उशीला टेकून बसले होते. आत्ताच पाणी प्यायलो असं मला म्हणाले होते. आलो तेव्हा तसेच बसलेले, डोळे उघडे. मला वाटलं, खिडकीबाहेर बघतायत. सिस्टर मास्तरांच्या खांद्याला हात लावेपर्यंत मी समोर बसून त्यांच्याशी बोलत होतो.

चेहऱ्यावर काही नव्हतं. दुखल्याचं नाही, घाबरल्याचं नाही. घंटीचं बटण त्यांच्या हातातच होतं.

गोळ्या सगळ्यांच्या बंद केल्या. मोठे डॉक्टर येऊन गेले. हृदय असेल, म्हणाले.

२६ मार्च

हृदय नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी दार लावून खरं सांगितलं. लपवणार नाही, म्हणाल्या. मास्तरांच्या बोटाला श्वासाची नुसती नोंद ठेवणारं यंत्र असायचं, त्यात सगळं आहे. श्वास मंद होत होत थांबला. अडकला नाही. घेतलाच नाही. भूक गेली, तहान गेली, तशी शरीराची हवेची मागणीही गेली असावी. गोळी कुठल्या पाचव्या जागी लागते ते त्यांना ठाऊक नाही. अंगातून उतरायला तीन आठवडे.

मी म्हणालो, मी घर सोडून इथे आलोय तो जगायला.

त्या रडल्या.

२७ मार्च

दुपारी डुलकी लागली. कालपासून माझ्या बोटाला गजरवालं यंत्र लावलंय, ते कोकललं. सिस्टरने गालावर चापट्या मारल्या. मिनिटभर श्वास नव्हता, म्हणाली. मला कळलंच नाही. गुदमरणं नाही, काही नाही. झोप किती छान लागली होती—

हीच भीती आहे. छान वाटतं.

श्वासाच्या मशीनची इथे सोय नाही. मोठ्या इस्पितळात खाट मोकळी होत नाही. उद्या, म्हणतात. हिला बोलावलंय.

२८ मार्च

झोपायचं नाही.

ही शेजारी बसून आहे. दर थोड्या वेळाने म्हणते, "अहो, घ्या." मी घेतो. लग्नात घास भरवताना म्हणाली होती तशीच— घेतो.

खाट नाही. उद्या नक्की.

बोलत राहा म्हणाली. बेकरीतलं सांगितलं. सांगता सांगता थांबलो. तिने छातीवर बुक्की मारली. दुखलं. चांगलं झालं.

२९ मार्च, सकाळी

हात जड. लिहिलं की जागा राहतो. एक ओळ, एक श्वास. असं ठरवलंय.

घेतला.

नातीचा फोटो उशीपाशी ठेवलाय. बघतो. काहीतरी वाटावं म्हणून— 

घेतला.

११ वाजता

गाडी आली. सिस्टर स्ट्रेचर आणायला खाली गेली. न्यायचं म्हणून बोटाचं यंत्र काढलंय. पाच मिनिटं, म्हणाली. हिला सांगून गेली, म्हणत राहा.

ही म्हणत होती. दोन दिवस डोळ्याला डोळा नाही तिच्या. बोलता बोलता मान खाटेच्या कडेला टेकली. झोपलीय. तोंड थोडं उघडं. श्वास चालू आहे तिचा, आपोआप. किती सोपं.

उठवायला हवं. केसांपर्यंत हात पोचतो माझा. 

घेतला. की मघाचाच तो—

भीती कुठे गेली? सकाळी होती. 

लिफ्ट वाजली. पावलं येतायत. उठवतो हिला. एवढी ओळ झाली की उठव