न पाहिलेली वीस मिनिटं

४ जानेवारी, रविवार

सकाळी माजिवड्याच्या नाक्यापर्यंत चालून आले. गुडघा ठीक. दुपारी धाकट्या बहिणीची केतकी आली. चपला दारात अस्ताव्यस्त. त्यावरून बोलले.

"आधी बातमी ऐक, मग ओरड. मावशी, तुझा सातरंग सापडला."

हातातलं पातेलं खाली ठेवलं.

ह्या सिनेमाबद्दल मी तिला ती चार वर्षांची असल्यापासून सांगत आले आहे. इतर मुलींना चिऊकाऊची गोष्ट, हिला एका रंगारणीने सात माणसं कशी मारली त्याची. मूळ नाव चिनी, ते कधीच कळलं नाही. कल्याणच्या पोस्टरवर हिंदीत 'सात रंग का बदला'. आम्ही नुसतं सातरंग म्हणायचो. आम्ही म्हणजे मी आणि नलू.

इथेच ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये एका बंद पडलेल्या वर्कशॉपच्या शेडमध्ये काही तरुण मुलं जुने सिनेमे दाखवतात. १ फेब्रुवारीला, सकाळी दहाला, हा. नवी, स्वच्छ केलेली प्रत. के.ने दोन जागा नोंदवल्या, एक तिची, एक माझी. अंधुक प्रत तिच्या लॅपटॉपवरही आहे. "आत्ता लावू?"

नको म्हटलं. का, ते सांगितलं नाही.

५ जानेवारी

का, ते इथे लिहिते. मी सातरंग तीनदा पाहिला आणि शेवट एकदाही नाही.

बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. कल्याणला नऊचा मॉर्निंग शो. मारामारीचे परदेशी सिनेमे त्याच वेळेला लागत. थिएटरात सगळे पुरुष, आणि मधल्या रांगेत आम्ही दोघी, मांडीवर डबे. सिनेमा अकरा वीसला सुटायचा. सव्वाअकराला माझं फिजिक्सचं प्रॅक्टिकल. रंगारीण पांढरं कापड खांद्यावर टाकून जिना चढू लागली की मी उठायचे. तीन आठवडे, तीन गुरुवार, तोच जिना.

"बुडव की एक दिवस, शैले. तुझ्यावाचून प्रकाशाचा वेग अडत नाही," नलू म्हणायची.

बुडवलं नाही. न. आर्ट्सची. ती बसायची आणि दुपारी कॅन्टीनमध्ये मला शेवट करून दाखवायची, ओढणी कमरेला बांधून. सातवा माणूस जिन्यावरून खाली येतो, तुकड्यातुकड्यांनी. रंगारीण जखमी. रक्त गाळत दगडी पुलापर्यंत येते. आणि पुलावर तिची सोबतीण, घोडेवाली, उभी असते, दोन घोडे घेऊन, शब्द दिल्याप्रमाणे. दोघी घोड्यावर बसतात आणि जातात.

चाळीस वर्षं मी हा शेवट न. च्या ओढणीसकट डोळ्यांसमोर पाहते आहे. लॅपटॉपवर पाहायची भीती वाटली. एवढंच.

८ जानेवारी, गुरुवार

के. ने दुपारी पडदे ओढले. जिन्यापर्यंत पाहिला, तिथे मी हात वर केला आणि तिने थांबवला.

काय सिनेमा आहे! काहीही विसरले नव्हते आणि तरी सगळं नवीन. अंगणात वाळत घातलेली हिरवी कापडं, त्यांच्या गल्ल्या, आणि त्या गल्ल्यांत चार तलवारी तिला शोधताहेत. संगीत नाही. फक्त ओल्या कापडाचा फडफडाट. तिथे माणूस मरताना दिसतच नाही, कापडाचा रंग बदलतो. पहिल्याला ती निळीच्या कुंडात बुडवते, आणि तो वर येतो तेव्हा मेलेला आणि देखणा. तिच्याकडे शस्त्र म्हणजे पीळ घातलेलं ओलं कापड. लोकांना ते खोटं वाटतं. ज्याने चादरी धुतल्या आहेत त्याला माहीत आहे, ते कसं बसतं.

तिसऱ्याचा पंजा तुटून हळदीच्या रंगात पडतो आणि बोटं दोनदा हलतात. के. "ई" म्हणाली. मी बिस्किट खात होते.

कारखान्यात छत्तीस वर्षं इन्स्पेक्शन केलं, दोष शोधायची सवय जात नाही. इथे सापडला नाही. एकही वार दुसऱ्यांदा येत नाही. आणि प्रत्येक खुनानंतर ती कापड पिळते, झटकते आणि चौपदरी घडी घालते. घाई नाही, राग नाही. घडी घालायला मी तिच्याकडून शिकले, आईकडून नाही.

के. ने विचारलं, "मावशी, रंगारीण आणि घोडेवाली, त्या फक्त मैत्रिणीच का गं?"

"फक्त कशाला म्हणतेस?"

तिने लॅपटॉप मिटला. 

९ जानेवारी

लॅपटॉप ठेवून गेली होती. सकाळी कामं आटोपून, एकटीने, उरलेली वीस मिनिटं पाहिली.

जिना अप्रतिम. पांढरं कापड प्रत्येक पायरीला थोडं थोडं लाल होत जातं, वर पोचेपर्यंत पांढरा धागा उरत नाही. सातवा माणूस म्हातारा आहे. तो तिला बसायला सांगतो, ती बसते, दोघं चहा पितात. मग ती त्याला मारते. हे न. ने कधी सांगितलं नव्हतं. चहाचं.

मग पूल.

पूल रिकामा आहे.

ती येते, उभी राहते. धुकं आहे. कॅमेरा हलत नाही. ती लाल कापड पिळते, झटकते, घडी घालते, कठड्यावर ठेवते आणि शेजारी बसते. बस. पडदा काळा.

तीनदा मागे नेऊन पाहिलं. घोडे नाहीत. के. ला फोन केला, प्रत कापलेली आहे का? "नाही गं, हाच शेवट. त्यासाठीच तर लोक बघतात."

कॅन्टीनमध्ये एकदा घोडे काळे होते, पुढच्या गुरुवारी तांबडे. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

११ जानेवारी, रविवार

दोन दिवस काही लिहिलं नाही. लिहायचं आहे ते दुसरंच.

बी.एस्सी. झाले. वागळेला गिअरच्या कारखान्यात लागले. न. चं लग्न घरच्यांनी ठरवलं. तिला करायचं नव्हतं. नाशिकला तिची मावशी शिक्षिका, एकटी राहायची. तिने दोघींना ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. तिथे मीही काहीतरी काम शोधणार होते. कल्याणचा एस.टी. स्टँड, सकाळी साडेआठ, नऊची गाडी.

मी आधी कारखान्यात गेले. राजीनामा द्यायला. नोकरीला लागून चार महिने झाले होते, न सांगता निघून जाणं बरोबर दिसत नाही असं वाटलं. सात वाजता दिला की आठपर्यंत स्टेशन, असा हिशोब. मॅनेजर साडेनऊला आले. सही झाल्याशिवाय गेटपास नाही. मी त्या बाकावर बसून राहिले, बॅग पायाशी. उठून चालू पडायचं सुचलं नाही. सुचलं. उठले नाही.

स्टँडवर पोचले तेव्हा अकरा चाळीस झाले होते. चौकशीच्या खिडकीतला माणूस म्हणाला, एक मुलगी अकरापर्यंत बसली होती, मग गेली, भाऊ आला होता न्यायला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. मॅनेजरांनी माझा कागद माझ्यासमोर फाडला आणि म्हणाले, "जा, शिफ्ट सुरू झाली."

लग्नाला गेले होते. अक्षता टाकल्यावर पुढे झाले. हार घातलेल्या न. ने हळूच विचारलं, "मंजूर झाला का गं तुझा राजीनामा?"

त्यानंतर बोलणं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकवाला मला कोणी बोलवत नाही, लग्न केलं नाही म्हणून. न. लाही आता बोलवत नसतील. यजमान गेले तिचे तीन वर्षांपूर्वी. कल्याणलाच, खडकपाड्याला मुलाकडे असते. कॉलेजच्या ग्रुपवर दोघी आहोत, दोघी गप्प. नंबर तिथेच होता.

फोन केला. सुनेने उचलला, "आई, तुमचा." मग श्वास.

"संक्रांतीचा फोन केला," मी म्हटलं. "शैला."

"आवाज तसाच आहे. हजेरी घेतल्यासारखा."

सिनेमाचं सांगितलं. "कुठला सिनेमा?" म्हणाली. मी वर्णन करू लागले. मध्येच म्हणाली, "तिसऱ्याची बोटं हलतात, तोच ना?"

"शेवट पाहिला मी," मी म्हटलं.

 सून मागे मिक्सर चालवत होती.

"पूल रिकामा आहे, नलू."

"माहीत आहे मला. मी तीनदा पाहिलाय."

"मग?"

"प्रॅक्टिकलहून आलीस की तुझं तोंड इतकंसं व्हायचं. म्हणून. आणि मला माझाच आवडायचा."

१ तारखेचं विचारलं. वागळे, सकाळी दहा. हसली. "मी नाही येत त्या वागळेला. भेटायचंच असेल तर स्टँडवर ये. साडेआठला."

टोमणा होता. घेतला. शेडचा पत्ता पाठवते म्हटलं. "पाठव," म्हणाली. "तू पत्ता पाठवणारच."

२१ जानेवारी

उत्तर नाही. पत्ता तिने पाहिला आहे, तेवढं फोनवर दिसतं.

गॅलरीत चादर पिळताना रंगारणीचा तो उलटा झटका मारून पाहिला. तुळशीची कुंडी पडली. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मान वर करून विचारलं, "काय झालं हो?" वारा, म्हटलं. आज वारा नव्हता.

न. ला हा झटका फार छान जमायचा. कॅन्टीनवाल्याचा ग्लास फोडला होता. तिचं मनगट पाहायला मी कितीही वेळ बसले असते. सव्वाअकरापर्यंत तरी.

२७ जानेवारी

के. म्हणाली, माझी जागा त्यांना दे, मी मागे उभी राहीन. मग स्वतःच म्हणाली, नाही, मी येतच नाही, तुम्ही दोघी बसा. शहाणी आहे. चपलांचं काही बोलले नाही आज.

न. ला निरोप लिहिला. चार वेळा खोडला. माफीचा शब्द दरवेळी अर्जातल्यासारखा दिसायचा. शेवटी पाठवला तो असा: 'रविवारी नऊपासून दारात असेन. ह्या वेळी शेवटपर्यंत बसणार आहे.'

पाहिला. उत्तर नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

९.०० पोचले. आमच्या कारखान्यापासून तिसरी गल्ली. कारखान्याच्या जागी आता काचेची ऑफिसं. पायरीवर रुमाल घालून बसले. वही पर्समध्ये होती.

९.५५ दारावरची मुलगी म्हणाली, "आजी, आत बसा, सुरू होतंय." मावशी म्हण, म्हटलं. गेले नाही. सुरुवात मला पाठ आहे, शेवट तिच्याशिवाय पाहायचा नाही.

१०.१० निळीचं कुंड. पत्र्याच्या भिंतीतून पाणी ऐकू येतं.

१०.५० हिरवी कापडं. आत कोणीतरी टाळी वाजवली. बरोबर जागेवर वाजवली.

११.३० फोन केला. सून. "आई तुमच्याकडे आल्यात ना? सव्वाआठलाच निघाल्या. कुठे ते सांगितलं नाही. फोन इथेच राहिलाय. दोन डबे भरून घेतलेत."

दोन डबे.

ठाण्याला येते आहे असं आधी वाटलं. कोपऱ्यावर जाऊन पाहिलं. परत आले. कल्याणहून इथे यायला सव्वातीन तास लागत नाहीत.

मग लक्षात आलं. खडकपाड्याहून सव्वाआठला निघालं की साडेआठला स्टँड.

तिने वेळ सांगितली होती. जागा सांगितली होती. मी टोमणा म्हणून घेतला आणि पत्ता पाठवला. नोंदवलेल्या जागा होत्या ना.

मुलीला सांगितलं, एक बाई येतील, हातात दोन डबे असतील, त्यांना माझ्या जागेवर बसवा, कुठेही जाऊ देऊ नका. "आणि तुम्ही? शेवट तर आता आहे. तो मस्त आहे." पाहिलाय म्हटलं.

१२.०० आत जिना सुरू झाला. ह्याच पायरीला मी तिन्ही वेळा उठले होते. आजही उठते आहे. कल्याणच्या स्टँडला जायला रिक्षा थांबवली आहे. तेव्हा ती अकरापर्यंत बसली होती.