बाबा चहाला जातात तेव्हा

८ नोव्हेंबर, शनिवार

निघून गेला! बाबांचा जुना गिऱ्हाईक मिनागावा-सान गाडी घेऊन निघून गेला आणि मी फोनवर भांडत बसले!

चुकीच्या मापाचे टायर आले होते, म्हणून दुकानाच्या आतल्या खोलीतून त्या पाठवणाऱ्याला झापत होते. खिडकीतून बघते तर निळी गाडी रस्त्याला लागलेली. काच खाली करून त्याने वाकून नमस्कारही केला. मीही वाकले — सवय! रिसीव्हर तसाच कानाला.

बाबा तोवर मागे घरात चहाला गेलेले. चारही चाकं त्यांनी बसवली. आणि एकाही नटावरून माझा हात फिरलेला नाही.

इथे तरी स्पष्ट लिहिते, दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. बाबांच्या बोटांत आता काही राहिलेलं नाही. जन्मभर नट फिरवायची एअरगन धरून ती बधिर झाली, थंडीत पांढरीफटक पडतात. कानांनाही बारीक आवाज येत नाहीत. टॉर्क पाना नट पुरेसा आवळला गेला की 'टक्' करतो, हाताला छोटासा झटका देतो. बाबांना ना टक् ऐकू येत, ना झटका कळत. अंदाजाने आवळतात. कधी बरोबर, कधी नाही. म्हणून गेली दोन वर्षं ते चहाला गेले की मी गिऱ्हाइकाच्या हातात कॉफीचा कॅन देते, चाकं पुसायचं सोंग करते आणि एकूण एक नट पुन्हा आवळते. बाबांना पत्ता नाही. अख्ख्या ताकासाकीत लोक बाबांचं "कुमागाईंचा हात" म्हणून नाव काढतात. तो हात आता अर्धा माझा आहे, हे कुणाला कळता कामा नये.

९ नोव्हेंबर, रविवार

आणि ती चाकं नुकतीच रंगवलेली! जुनी विकत घेऊन मिनागावा-सानने तांबूस रंग मारून आणला होता. नट जिथे टेकतो तिथेही जाड थर. गाडी पळाली की रंग दबतो, मग नीट आवळलेला नटही सैल पडतो. बाबांनी अर्धवट आवळले असतील तर? नको तो विचार.

१० नोव्हेंबर, सोमवार

दुकान उघडल्याउघडल्या फोन केला. म्हटलं, "मिनागावा-सान, शंभर किलोमीटर झाले की नट परत आवळून घ्यायचे असतात. कधी येताय?"

"छे छे, चिनात्सु-सान! उस्तादांचं काम पुन्हा तपासायला आणायचं? म्हणजे तोंडावर सांगायचं की तुमच्यावर भरवसा नाही! माझ्याच्याने नाही व्हायचं ते."

"अहो, सगळेच येतात."

"सगळे येवोत. मी पहिल्या गाडीपासून उस्तादांकडे येतोय. गाडी काय मस्त चाललीय! त्यांना माझा नमस्कार सांगा."

एका वाक्यात काम झालं असतं — बाबांच्या हाताला आता कळत नाही. जीभ रेटेना. बोलले असते तर दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या गॅरेजात पोचलं असतं. नमस्कार सांगितला बाबांना. खूश झाले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज बाबांवर उगाच ओरडले. चहाचा पेला पुन्हा तसाच भरलेला! गाडीचं काम संपलं की यांना चहा हवाच. भिंतीकडे तोंड, दुकानाकडे पाठ करून बसतात. मी नंतर आत जाते तर चहा तसाच, गारढोण. "प्यायचा नसतो तर करून कशाला घेता?" म्हटलं. म्हणाले, "गरम होता, मग गार झाला." हे काय उत्तर झालं!

राग निवल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाबा, मिनागावा-सानचे नट नीट बसले होते ना?"

ते माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "का? बसले नव्हते?"

"बसले, बसले," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांचा चेहरा सैल झाला, आणि ते पाना पुसत बसले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटी उठून शिबुकावाला मिनागावा-सानच्या बेकरीत गेले. पाना गाडीत लपवलेला. बेत असा की तो आत कणीक मळतोय तोवर बाहेर गाडीची चाकं आवळून टाकायची. चोरासारखी वाकून गाड्या बघत फिरले. निळी गाडी कुठेच नाही. तर हा मागून सायकलवर! "चिनात्सु-सान? काय हरवलं?"

गाडी रोज काढत नाही म्हणे. पण रविवारी मुलीला घेऊन हारुनाच्या तळ्यावर जाणार आहे, तिथे सगळे आपापल्या गाड्या घेऊन जमतात. "पोरगी पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसणार! आणि नवी चाकं नको का मिरवायला?"

म्हणजे घाट. वळणावर वळणं, खाली दरी.

"आधी आमच्याकडे आणा ना," म्हटलं. तो म्हणाला, "उस्तादांना उगाच त्रास," आणि माझ्या हातात गोड पावांची पिशवी दिली. मी 'थँक्यू' म्हणून पिशवी घेऊन घरी आले! भित्री आहे मी. सात वर्षांची पोर आहे ती.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ठरलं. उद्या तो निघायच्या आत फोन करून सगळं सांगणार. बाबांचं नाव गेलं तरी चालेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

आत्ता कुठे लिहायला बसले!

सकाळी त्याने फोन उचलला नाही. दुकानाच्या आन्सरिंग मशीनवर मात्र त्याचा निरोप, काल शटर ओढल्यानंतरचा: "मागून डावीकडे किंचित थरथर जाणवते. बॅलन्सिंग असेल. घाई नाही, पुढच्या आठवड्यात सवडीने बघू. उस्तादांना बोलू नका, वाईट वाटेल त्यांना."

घाई नाही!

घाट कसा चढले, आठवत नाही. प्रत्येक वळणावर कठडा शाबूत आहे ना, एवढंच बघत होते. तळ्याच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत गाड्यांची रांग दिसली, तिच्यात निळी. तो चाकांचं कौतुक ऐकत उभा, पोरगी पुढच्या सीटवर भाताचा गोळा खात बसलेली. मी कुणाशी न बोलता मागच्या डाव्या चाकाशी गुडघे टेकले. पाना लावायचीही गरज पडली नाही. तीन नट बोटांनी फिरले. बोटांनी!

आजूबाजूला घोळका जमला. पांढऱ्या मिशांचा एकजण म्हणाला, "कुमागाईंचं काम ना हे?"

"माझं," मी मोठ्याने म्हटलं. "मी बसवली ही चाकं. बाबा त्या दिवशी नव्हते."

मिनागावा-सानने चमकून माझ्याकडे पाहिलं. बाबांनी नट आवळले तेव्हा हा त्यांच्या शेजारीच उभा होता. तरी त्याने मला खोटं पाडलं नाही. खूप खाली वाकला फक्त.

चारही चाकं आवळली. प्रत्येक 'टक्' केवढा मोठा वाटला. पोरगी काचेतून म्हणाली, "मावशी, तुम्ही रडताय?" म्हटलं, "घाम गं तो." त्या थंडीत! मग घाट उतरेपर्यंत त्यांच्या मागे मागे आले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

व्हायचं ते झालं, बातमी पोचली. कुणीतरी बाबांना सांगितलं, "दुकान मुलीच्या हातात देऊ नका, नट ढिले सोडते ती." बाबा काल रात्री जेवले नाहीत. आज दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. बोलोत, न बोलोत. पोरगी सुखरूप आहे आणि बाबांचं नाव राहिलं. माझं काय, मला कधी नाव होतं?

तरी लागलं. खूप लागलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज चाकं चढवून झाली तरी बाबा चहाला गेले नाहीत. गिऱ्हाइकासमोर पाना माझ्यापुढे धरला. "घे. इथेच आवळ, सगळ्यांदेखत." मग फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "दोन वर्षं मी भिंतीकडे तोंड करून बसतोय ते चहासाठी होय गं? तुला वेळ मिळावा म्हणून. त्या शनिवारीही बसलो होतो, नेहमीपेक्षा जास्तच. मला वाटलं, तुझं झालं."