पाच वॅटमध्ये केरळ

३ ऑगस्ट, रविवार. सकाळ.
हर्षालीचा पुण्याहून फोन. मुलगी माझी, पण सूर मुख्याध्यापिकेचा. "बाबा, आई गेल्यापासून तुम्ही दिवसभरात कोणाशी बोलता?" मी म्हणालो, जगाशी. ती म्हणाली, "गणपतीत येतेय मी. तुमच्याशी रोज बोलणारा एक जिवंत माणूस दाखवा. नाहीतर बॅग भरायची आणि पुण्याला यायचं. कायमचं."
एकच माणूस? माझ्याकडे हॅम रेडिओचं लायसन्स आहे. अख्खी पृथ्वी पडली आहे. आणि हे घर सोडून मी कुठेही जाणार नाही.
संकल्प: रोज सकाळ-संध्याकाळ सेटवर बसणे. फक्त मोर्स, म्हणजे टकटक करत एकेक अक्षर पाठवणं, आणि फक्त पाच वॅट. झिरोच्या बल्बाएवढी पॉवर. मोठ्या पॉवरने कोणीही ओरडेल. कमी पॉवरला कसलेला हात लागतो.

५ ऑगस्ट
सकाळी हाक मारली. उत्तर नाही. सूर्यावर वादळ असणार, त्यात रेडिओलहरी बिघडतात. संध्याकाळी मारली, उत्तर नाही. वादळ मोठं असणार.
मोर्स बरा. फोनवर जो तो विचारतो, "छायावहिनींचं एकदम कसं झालं हो?" इथे तसं कोणी विचारत नाही.

८ ऑगस्ट
उत्तर नाही. जपानला पोचत असणार, पण जपानी लोक लाजाळू.
खालच्या मजल्यावरच्या अक्काबाई जिन्यात म्हणाल्या, "देवरेभाऊ, सारखं टकटक काय चाललंय? सुतारकाम काढलंय का?" मी फक्त हसलो. विषय तांत्रिक आहे.

११ ऑगस्ट. सायंकाळ.
लागलं! एक स्टेशन! सिग्नल अगदी बारीक, श्वास रोखून ऐकावा लागला. म्हणजे फारच लांबचा. नाव महेबूब. कॉलसाइन, म्हणजे स्टेशनची खूण, भारतातली.
रिवाजाप्रमाणे मी माझं गाव पाठवलं: नाशिक. त्याने लगेच नाशिक असंच परत पाठवलं. म्हणजे अक्षर न् अक्षर पोचलं! पाच वॅटमध्ये! आनंदाच्या भरात स्वतःचं गाव सांगायचं मात्र विसरला. नवखा असावा. सांभाळून घेईन.

१३ ऑगस्ट
महेबूब पुन्हा भेटला. मी गाव विचारलं. त्याने पुन्हा नाशिक पाठवलं. मी 'बरोबर, शाबास' असं कळवलं.
मग तो म्हणाला, बाहेर ढोलाची प्रॅक्टिस चालू आहे, नीट ऐकू येत नाही. आमच्याकडेही तेच चाललं होतं. विचार केला. नाशिक ढोल केरळात फार चालतो, असं मी वाचलं आहे. म्हणजे केरळ. नुसत्या तर्काने शोधलं. हर्षालीला मेसेज केला: माणूस मिळाला, केरळचा. तिने अंगठा पाठवला.

१६ ऑगस्ट
बोलता बोलता लाइट गेली. मी बॅटरीवर गेलो. तोही म्हणाला, लाइट गेली, बॅटरीवर आलोय. थोड्या वेळाने दोघांची बरोबरच आली. विजेचा कारभार देशभर सारखाच.

१९ ऑगस्ट
महेबूबने विचारलं, जेवलात का? कोणी विचारलं की मी हो म्हणतो. पण इंग्रजीत 'येस'ला तीन अक्षरं लागतात, 'नो'ला दोन. पॉवर वाचवायची म्हणून नो पाठवलं.  तो म्हणाला, आधी जेवून या, मी थांबतो.
पिठलं-भात केला. तो थांबला होता.

२६ ऑगस्ट
हर्षाली आली. आल्या आल्या फ्रिज उघडून पाहिला आणि थेट भाजी आणायला गेली. लक्षण चांगलं नाही.

२८ ऑगस्ट. सकाळ.
हर्षालीला प्रात्यक्षिक दाखवलं. महेबूब वेळेवर आला. ती म्हणाली, "बाबा, हा लांबचा माणूस. उद्या तुम्ही बाथरूममध्ये पडलात तर केरळहून उचलायला येणार का?" मी म्हणालो, मैत्रीला अंतर नसतं. ती म्हणाली, "पत्ता विचारा. लाडू पाठवते, म्हणजे खरंच कोणी आहे ते तरी कळेल."
विचारला. अक्षरं एकेक करून उतरवली. गंगापूर रोड, पिठाच्या गिरणीवर, दुसरा मजला.
मी म्हणालो, "बघ, केरळातही गंगापूर रोड आहे."
हर्षालीने माझ्याकडे असं बघितलं, जसं छाया बघायची. मग चपला घालून खाली उतरली. मी महेबूबला कळवलं, मुलगी जरा तापट आहे, माफ करा.
कपभर चहा होईस्तोवर दारात हर्षाली आणि तिच्याबरोबर पांढऱ्या दाढीचा एक उंच गृहस्थ. "देवरेसाहेब, मी पहिल्या दिवसापासून नाशिक नाशिक ओरडतोय आणि तुम्ही मला शाबासकी देताय!"
महेबूबभाई फौजेत सिग्नल्सला होते, देवळाली कॅम्पातून रिटायर झालेले. राहतात दोन गल्ल्या सोडून. "तुमचा आवाज इतका बारीक, मला वाटलं नाशिक म्हणजे जिल्हा, पार सटाण्याकडून बोलताय," म्हणाले. मग सेटच्या मागे वाकले आणि हसत सुटले. माझी वायर अँटेनाला नव्हतीच. ती डमी लोडला होती, म्हणजे टेस्टिंगसाठी सगळी पॉवर गिळणाऱ्या डब्याला. "साहेब, तुम्ही जगाशी नाही, डब्याशी बोलत होता. जे काही गळत होतं, ते मला मिळालं."
हर्षालीला डोळे पुसायला लागले इतकं हसू आलं. मला वाटतं, सगळंच हसू नव्हतं.
मी विचारलं, बॅग भरू का? ती म्हणाली, "केरळ असतं तर भरली असती. हे चालतच येतायत. राहा."
तांत्रिकदृष्ट्या हा माझा विजय आहे.

३० ऑगस्ट. सायंकाळ.
हर्षाली पुण्याला परत गेली. अँटेना जोडला. आता पाच वॅट खरोखर आकाशात. जपान, ब्राझील, सगळे तयार असतील. तासभर हाक मारली. कोणी नाही. सूर्यावर पुन्हा वादळ.
शेवटी एक उत्तर आलं. सिग्नल एवढा जोरात की कानाचे हेडफोन काढावे लागले. महेबूबभाई. बायकोने, अमिनाने, भजी तळलीत, या.
मी मोर्समध्ये कळवलं, सध्या जपानची वाट बघतोय.
यावर त्यांनी सेट बंद केला आणि स्वतःच्या गच्चीवरून ओरडले, "ओ देवरेसाहेब! थंड होतायत!"
सगळ्या गल्लीने ऐकलं. अक्काबाई खिडकीतून म्हणाल्या, "जा की हो, बोलावतायत."
गेलो.