दीड तासाची भरती

वटार, ता. वसई, जि. ठाणे
शनिवार, ता. ३ ऑक्टोबर १९५३

प्रिय ऑगस्टीन,

पास्कलचा सप्रेम नमस्कार. तुझे पत्र मिळून बारा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, माफ कर. तुझ्या बाबांचा, म्हणजे सॅन्टनकाकांचा ताप उतरला आहे. पॉलिनकाकूंची प्रकृती बरी आहे. माझ्या आईचा गुडघा दुखतो, तो नेहमीचाच.

तुझ्या कॉलेजच्या हस्तलिखितातील गोष्टीसाठी ग्रह पक्का केला आहे. तू लिहिलेस, "गोष्ट मी लिहितो, जग तू बांध. आमचे प्रोफेसर चूक काढतील असे काही ठेवू नकोस." मी सहावीतून शाळा सोडलेला, म्हणून वाचनालयातल्या पुस्तकावरून प्रत्येक आकडा तीनदा ताडून पाहिला.

तारा आपल्या सूर्यापेक्षा लहान व तांबूस घेतला आहे. त्याची ऊब कमी, म्हणून ग्रह त्याच्या जवळ ठेवावा लागला. दूर नेला तर समुद्र गोठतो, फार जवळ आणला तर आटतो. जवळ असल्यामुळे तिथले वर्ष आपल्या सहा महिन्यांहून जरासेच मोठे आहे. तू ग्रह चंद्राएवढा धरला होतास, ते चालणार नाही. एवढ्या लहान ग्रहाला हवा धरून ठेवता येत नाही, मग तुझी माणसे श्वास कसा घेणार? पृथ्वीपेक्षा थोडाच लहान धर. आस कललेली असू दे, म्हणजे ऋतू होतील. दिवस तीस तासांचा.

चंद्र कशाला हवा, असे तू विचारलेस. तुझी माणसे खाडीकाठी भात पिकवतात. चंद्राशिवाय खाडीला मोठी भरती नाही, आणि भरती नाही तर खाडीकाठच्या शेतांना, म्हणजे खारीला, बांध कशाला? त्यांचा चंद्र वीस दिवसांनी पुन्हा अमावास्येला येतो. म्हणजे भरती रोज दीड तास उशिरा. आपल्याकडे ती पाऊण तास उशिरा येते, म्हणून आपण तिथीला पाऊणकीचा पाढा लावतो: द्वितीया असेल तर दोन पाऊणे दीड, दीड वाजता भरती. त्यांनी दीडकी लावायची: दोन दिढे तीन.

हे कोष्टक करायला मला आठ दिवस लागले. केळी शिंपताना, गवत कापताना मी दीडकीच म्हणत असे. आई म्हणाली, "अरे, जपमाळेला बसलायस आणि तोंडात पाढे कसले?"

तुझ्या गोष्टीसाठी एक प्रसंग सुचवतो. शहरातल्या वाचकांना उघाडी ठाऊक नसेल, म्हणून समजावून लिही: ते खारीच्या बांधातले लाकडी दार. ओहोटीला फळ्या काढून शेतातले पाणी खाडीत सोडायचे, आणि भरतीआधी फळ्या बसवून चिखलाने लिंपायचे. हे काम गावाने एका वृद्ध माणसाला सोपवलेले असते. त्याने चाळीस वर्षे ते सांभाळले. एकदा त्याला ताप येतो. तो शेजारच्या तरुणाला म्हणतो, आजचा दिवस तू बघ. भात पिकत आलेले, आठवड्या-दोन आठवड्यांत कापायचे. तरुण फळ्या काढतो आणि भरतीची वेळ चुकतो. खारे पाणी आत येते. मग गावाने काय करावे? तू लेखक आहेस, तू ठरव.

इथपर्यंत लिहून मी कागद दोनदा फाडला. ऑगस्टीन, हा प्रसंग त्या ग्रहावरचा नाही.

२५ सप्टेंबर, शुक्रवार. पौर्णिमेनंतरची द्वितीया. काकांना सणकून ताप होता. ते म्हणाले, "पास्कल, उघाडी बघशील? आज उधाण मोठं आहे." मी सकाळी फळ्या काढल्या. मनात हिशेब केला, दोन दिढे तीन. तीनची भरती, म्हणजे खाडी उघाडीशी एक वाजता येईल, मी बाराला फळ्या बसवीन. बांधावर बसून मी तुझ्या ग्रहाच्या समुद्राची खोली ठरवत होतो. साडेअकराला पाण्याचा आवाज आला. फळ्या बसेनात. मी पाठ लावून उभा राहिलो, पण बाजूचा बांधच खचला.

पाऊणकी मला पहिल्या इयत्तेपासून येते.

पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत उतरले नाही. आता अर्ध्या खारीचे भात करपून गेले आहे. त्या शुक्रवारीच संध्याकाळी सगळे तुमच्या ओट्यावर जमले. बॅप्टिस्टमामा म्हणाले, "सॅन्टन, चाळीस वर्षं पाणी ओळखलंस, आता काय पाण्यानं नाव बदललं? का सकाळीच घेतली होतीस?" दोघे-तिघे हसले. काका घोंगडी पांघरून बसले होते. म्हणाले, "माझी चूक. तिथी विसरलो." मी मागेच उभा होतो. गुडघ्यापर्यंत चिखल होता. मला कोणी विचारले नाही. सगळ्यांना वाटले, मी बांध बुजवायला धावलो असेन.

रविवारी मी काकांकडे गेलो. म्हटले, मी सांगून टाकतो. ते म्हणाले, "गप बस. तुला या गावात अजून पन्नास वर्षं काढायचीत, मला पाच. आणि ऑगस्टीनला कळवू नकोस, त्याची परीक्षा जवळ आहे." मी गप्प बसलो. खरे सांगतो, त्या वेळी मला बरे वाटले. त्याचीच लाज अधिक वाटते.

पॉलिनकाकू त्या दिवशी बाजाराला गेल्या होत्या, त्यांना हे ठाऊक नाही. परवा त्यांनी आमच्याकडे फडक्यात बांधून सुके बोंबील पाठवले. म्हणाल्या, "तू होतास म्हणून त्या दिवशी यांच्या जवळ कोणीतरी होतं." मी काकांजवळ नव्हतो, ऑगस्टीन. मी तुझ्या ग्रहावर होतो.

उद्या आगेरा, आपला नव्या भाताचा सण आहे. दरवर्षी खारीतली पहिली कणसे तुझे बाबा कापतात व देवळात वेदीपुढे ठेवतात, हे मी तुला काय सांगणार? या वर्षी तो मान बॅप्टिस्टमामांना दिला आहे, आणि मिस्सानंतर उघाडीही काकांकडून काढून घेणार आहेत. काका काल विळा धार लावायला घेऊन बसले होते. मग काकूंनी आठवण करून दिली. काकांनी तो परत वळचणीला खोवला.

मी उद्या मिस्सा संपल्यावर, मिरवणूक निघण्याआधी, सर्वांसमोर सांगणार आहे. काकांनी नको म्हटले तरी. कसे बोलायचे ते कागदावर लिहून काढले आहे, सहा वाक्ये आहेत. पण मला माझी भीती ठाऊक आहे. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, हे तूच शाळेत पाहिलेले आहेस. म्हणून हे पत्र आजच्या टपालात टाकतो. सोमवारी तुझ्या हाती पडेल. तोवर मी बोललो नसेन, तर तू गावी ये आणि हे पत्र फादरांना वाचून दाखव. अक्षर माझे आहे, कोणालाही ओळखता येईल.

ग्रहाचे कोष्टक सोबत जोडले आहे. ते बरोबर आहे, मी पुन्हा ताडून पाहिले. तुला ते वापरावेसे वाटले नाही, तर मी समजेन.

तुझ्या बाबांचा अपराधी,
२५ सप्टेंबरला उघाडी ज्याच्या हाती होती, तो

पास्कल