चामुंडेचं पोट

बाबा, तुम्ही मला एकदा विचारलं होतं, "पाहाले काय हाय तिथं?" मी सातवीत होते. शाळा सुटल्यावर मैत्रिणींसोबत गावातल्या जुन्या देवीच्या देवळात गेले आणि बोटांना शेंदूर लागला, तशीच घरी आले. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, तुम्ही शिकवायचात त्या शाळेतून येऊन पाटावर बसला होता. तुमची नजर आधी माझ्या बोटांवरच गेली. "माह्या बापाले थ्या पायरीवर चढू देलं नाही. आपण ते देव सोडले. अन् तू पाया पडून आली?" मी म्हटलं, पाया नाही पडली, फक्त पाह्यलं. त्यावर तुमचा तो प्रश्न. उत्तराची वाट न पाहता तुम्ही मला हात धुवायला पाठवलं. रागाच्या भरात मी साबण लावलाच नाही.

तुमचं म्हणणं मला आजही पटलेलं नाही. देव तुम्ही सोडलेत, चांगलं केलंत. मीही त्यांच्या वाटेला गेले नाही. पण दगड मी का सोडू? तो खाणीतून फोडला कोणी, ओढत आणला कोणी? त्यात आपल्यासारख्यांचे हात नव्हते, हे मला कोणी पटवून द्यावं. दहावीला लोडशेडिंगमध्ये अभ्यासासाठी तुम्ही मला बॅटरी आणून दिली होती. ती घेऊन मी पुन्हा त्याच देवळात गेले, हे तुम्हाला कधी कळलं नाही. उजेड समोरून टाकला की सगळं सपाट दिसतं, बाजूनं टाकला की कोरलेलं वर येतं. देवीच्या साडीच्या काठावरून कोरलेली मुंडक्यांची माळ दिसली तेव्हा माझी पाचावर धारण बसली, पण मी हलले नाही. पुढे कॉलेजात इतिहास शिकवू लागले तेव्हा कळलं, गाव जिला बुढी माय म्हणतं ती चामुंडा आहे. रक्तबीज नावाच्या राक्षसाच्या रक्ताचा थेंब सांडला की तिथून नवा राक्षस उठायचा. हिनं जबडा पसरून ते रक्त वरच्यावर प्यायलं, आणि एवढं पिऊनही हिचं पोट भरलं नाही. म्हणून जुने कारागीर तिला हाडकुळी कोरायचे. तुम्ही म्हणाल, राक्षस म्हणजे आपलीच माणसं. म्हणा. हा वाद तुमच्याशी जन्मभर घालायची माझी तयारी होती, तुम्हीच अर्ध्यातून उठून गेलात.

तुम्ही गेल्यावर कापसाची ती वाईट वर्षं आली. पिकावर लागोपाठ लाल्या रोग पडला, भाव उतरले. मग देवस्थान कमिटीनं शोध लावला की देवीचा एक हात तुटका आहे, गाव खंडित मूर्ती पूजतं म्हणून पीक जातं. जयपूरहून संगमरवरी देवी आली, गोरी आणि गालांनी भरलेली. जुनीला बेंबळा नदीत शिरवायचं, बुडवून टाकायचं ठरलं. देवळापुढे ट्रॅक्टर लागला आणि मी त्याच्या आडवी उभी राहिले. कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तुम्ही देव सोडले नं? मंग तुमचा काय संबंध?" मी म्हटलं, "आमच्या आज्याले बाहेर ठेवाले संबंध होता, मंग मले बोलाले काहून नाही?" माझा आवाज चढला होता, चढू दिला. तुम्ही असतात तर कोणाच्या बाजूला उभे राहिला असतात, हे मला अजून ठरवता येत नाही.

माणसं मला वळसा घालून आत गेली. बायांनी देवीची साडी सोडली, पुरुषांनी पहार लावली. मूर्ती हलली तसं वर्षानुवर्षांच्या शेंदराचं जाड कवच तडकलं आणि ढेकळासारखं खाली आलं. आत बरगड्या. पोट पाठीला लागलेलं आणि त्या खोल पोटावर विंचू कोरलेला. अध्यक्षांची म्हातारी माय दरवर्षी देवीला साडी नेसवायची. ती पुढे आली, त्या पोटावरून हात फिरवला आणि मुलाकडे वळली. "हे त उपाशी हाय रे. उपाशी बाईले पाण्यात टाकता?" ती तिथंच मूर्तीपाशी बसली. मग एकेक करून सगळ्या बाया बसल्या. ट्रॅक्टर रिकामा गेला. चामुंडा अजून देवळात आहे, संगमरवरी देवीच्या बाजूला, बिनशेंदराची, आणि पोरी येऊन तिच्याकडे टक लावून पाहतात. पाहायला हे आहे तिथं, बाबा.

हे पत्र तुमच्या फोटोपुढे ठेवणार नाही, कारण एक गोष्ट तुम्हाला कळायला नको. त्या दुपारी सगळे पांगल्यावर मी एकटीच तिथं राहिले. हात जोडले नाहीत, वाकलेही नाही. पण माझ्या डब्यातली भाकर तिच्यापुढे ठेवली आणि उपाशी घरी आले.