तू आहे नं धरायले

बा, साहेबाच्या पोरीले तू रोज बांधत होता अन् आपल्या पोरीले नाही बांधलं, हे मले आजही समजत नाही, अन् आता समजून घ्यायची इच्छाही राहिली नाही. चौथी शिकलेल्या बाईनं मेलेल्या बापाले असं लिहू नये म्हणतील. म्हणू दे. तुले जाऊन चौदा वर्षं झाली, राग आला तरी तू काय करणार?

साहेबाच्या जीपले दारं नव्हती. खापरखेड्याच्या कॉलनीतून त्याच्या पोरीले शाळेत सोडायचं काम तुझ्याकडे, अन् ती समोरच्या सीटवर एक घडी शांत बसत नव्हती. मंग तू आपल्या खाटेची निवार काढली, चांगली चार बोटं रुंद सुती पट्टी. जुन्या कमरपट्ट्याचं बक्कल तिले मोच्याकडून लावून आणलं, अन् सीटच्या मागून घेऊन पोरीच्या पोटावर बांधू लागला. साहेबीण खुश झाली. इकडे आपल्या खाटेत मधात भोक पडलं, मायनं तिथं सुतळी विणली. मी अन् लहानी त्या सुतळीवर झोपत होतो, सकाळी पाठीवर जाळी उमटत होती. तरी मले तेव्हा तुझा अभिमानच होता. माझ्या बाच्या गाडीतून कोणी पडत नाही, असं मी कॉलनीतल्या पोट्ट्यायले सांगत फिरत होती.

मंग मामाचं लग्न निघालं, कुहीले. साहेबानं एका दिवसासाठी जीप देली. निघायच्या पहिले तू सीटवरचा पट्टा सोडला, झटकला, गुंडाळला अन् धुतलेल्या फडक्यात बांधून घरात खुंटीले अडकवला, मळू नये म्हणून. मी दारातच उभी होती. मी म्हटलं, बा, लहानीले बांध नं, ती बम वळवळ करते. तू माझ्याकडे पाहिलंही नाही.

"ते त्यायच्या पोरीचं आहे. तू आहे नं धरायले."

मी दहा वर्षांची, लहानी चार. माय समोर बसली, मांडीवर आहेराचं पातेलं. मागच्या बाकावर आम्ही दोघी, अन् मागचा फळका माझ्या गुडघ्याइतकाच उंच. उमरेड रोडभर लहानी खिदळून राहिली होती. कुहीच्या फाट्यावरून रस्ता कच्चा, दोन्हीकडे धानाच्या बांध्या. गाडी उसळते तशी ती हसते, "आणखी, आणखी" म्हणते. समोर बैलबंडी आडवी येते, तू गाडी एकदम वळवतो, अन् मी पाहते तर बाकावर मी एकटीच. मी ओरडतही नाही. धूळ पाहत बसते. ओरडते ती माय, पातेलं खाली पडल्यावर.

मेडिकलच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं जमेल तेवढं केलं, पण हाडाचा चुरा झाला होता. लहानीचा पाय दोन बोटं आखूड राहिला. वऱ्हांड्यात मामाकडची दहा माणसं बसलेली. तू त्यायच्यासमोर मले म्हटलं, आवाजही न चढवता, "तुले एकच काम सांगितलं होतं." बस. त्या दिवसापासून मी हात सोडणारी झाली. माझं लग्न ठरलं तेव्हाही कोणीतरी माझ्या सासूच्या कानात ते घातलंच.

आठ दिवसांनी तू ड्यूटीवर गेला. मी डबा घेऊन बंगल्यावर आली तर तू साहेबाच्या पोरीले बांधून राहिला होता. बक्कल लावलं, पट्ट्याखाली दोन बोटं घालून ताण पाहिला. मी दिसली तरी तुझा हात थांबला नाही. तुले दुःख नव्हतं असं मी म्हणत नाही. दोन वर्षं तू लहानीले पाठीवर घेऊन शाळेत नेलं, पावसात पोतं पांघरून नेलं. पण पट्टा तुझ्या हातात होता अन् काम माझ्या हातात, हे तू एकदाही तोंडानं कबूल केलं नाही.

हे आज काहून उकरून राहिली, ते ऐक. माझ्या पोरीनं अन् जवाईबापूनं गाडी घेतली. लहानशीच आहे, पण नवी. नातीले चौथं वर्ष. ती समोरच्या दोन सीटच्या मधात उभी राहते, दोन्ही हात दोन्ही सीटवर, अन् गाडी आपणच चालवतो म्हणते. समोर कंपनीचे पट्टे आहेत, ते जवाईबापूनं सीटकव्हरच्या आत कोंबले, कपडे चुरगळतात म्हणून. मागे तर पट्टाच नाही. परवा मी इतवारीतून निवार आणली अन् त्यायच्या घरी घेऊन गेली. जवाई मानाचा माणूस, म्हणून तोंड आवरून बोलली. लेकराले मागं बसवून बांधा म्हटलं. तो हसला. "आई, ती काय ट्रंक आहे का?" म्हणे मी जोरात नेतच नाही. मी म्हटलं, माझा बापही जोरात नेत नव्हता.

पोरगी चहा गाळून राहिली होती. मान वर न करता म्हणते, "बांधलं की रडते वं ती. तू आहे नं धरायले."

हे शब्द मी तिले कधी सांगितले नव्हते. मंग मात्र माझं तोंड सुटलं. धरायचं काम माझ्यावर टाकू नका, बांधायचं काम मायबापाचं, तुमचं, असं बोलली की जवाईबापू चहा तसाच ठेवून बाहेर निघून गेला. पोरगी भडकली. म्हणाली, "मावशी वांड होती म्हणून पडली. स्वतःच हात हिसकला तिनं. माझी पोरगी तशी नाही." येत्या रविवारी सकाळी ते वर्ध्याले जाऊन राहिले, बारशाले. नातीले मांडीवर घेऊन बसणार असशील तरच ये म्हणे, अन् शनिवारपर्यंत सांग.

तिथून मी लहानीकडे गेली. एका पायानं शिलाई मशीन चालवते, हसणं तेच. ऐकून म्हणते, "खरंच आहे नं. मीच हात हिसकला अन् उडी मारली, मले पंख फुटले होते." हे ती प्रत्येक कार्यक्रमात सांगते अन् लोक हसतात. मी तिच्या घरचं पाणीही प्यायली नाही.

लहानीनं हात हिसकला नव्हता, बा. तू वऱ्हांड्यात ते बोलल्यावर मीच तसं सांगितलं होतं. चार वर्षांच्या लेकराले काय आठवणार, मी सांगितलं तेच तिले आठवते. खरं असं, की फाट्यापासून एकाच हातानं धरून माझ्या हाताले मुंग्या आल्या होत्या. उजवा सोडून डावा लावत होती. तेवढ्यातच. तू माझ्यावर ढकललं, मी तिच्यावर. अन् तेच खोटं पुढं करून माझी पोरगी आज आपल्या लेकराले मोकळं नेऊन राहिली. तिच्या गळी उतरवायचं तर हे सांगावंच लागते, अन् लहानी समोर असताना सांगावं लागते. इतक्या वर्षांत लहानीसमोर छत्तीस वेळा तोंड उघडलं अन् मिटलं.

हे पत्र टाकायले पेटी नाही. लिहून झालं की कणकीच्या डब्याखाली जाईल. पण उत्तर मले पाहिजे. पट्टा बांधायचं काम कोणाचं होतं, ते शनिवारी दिवा लागायच्या आत मले सांग. कसं सांगायचं ते तुझं तू पाह्य. नाही सांगितलं तर रविवारी गाडी निघायच्या पहिले लहानीले बोलावून घेईन, गाडीसमोर उभी राहीन अन् तुझंही सांगीन, माझंही सांगीन. पहिले माझं सांगीन.