कुंडीतला वड पिवळा पडला तेव्हा

बाई, काल नातसुनेनं बाजारातून एक बुटकं झाड आणलं. टीव्हीशेजारी ठेवलं, आणि त्याची चार पानं पिवळी पडली तर घर डोक्यावर घेतलं. मला म्हणाली, "आजी, तुम्हाले यातलं काही समजते का?" मी चष्मा लावला, पानं उलटीपालटी करून पाहिली आणि सांगितलं, पाणी जास्त होतंय. कुठून शिकलात म्हणून तिनं विचारलं, तेव्हा मात्र चष्मा काढून पुसत बसले. तुम्हाला जाऊन चाळीसवर वर्षं झाली, तरी तुमचं श्रेय तुम्हाला द्यायला माझी जीभ उचलत नाही. तुमच्याच सुनेची जीभ ती.

लग्न होऊन मी आलापल्लीच्या क्वार्टरात आले, तेव्हा माजघराच्या खिडकीशी तुमचा वड होता. परातीएवढी उथळ कुंडी आणि तिच्यात हातभर उंचीचा वड, पारंब्यांसकट. खरा वड नाल्यापलीकडे होता आणि नाल्यावर वाघ पाण्याला यायचा. तुम्हाला वडसावित्री घरातच करता यावी म्हणून तुमच्या मालकांनी, मामाजींनी, विहिरीच्या भिंतीत उगवलेलं रोप आणून दिलं होतं. दर वर्षी मुळ्या छाटून, शेंडे खुडून तुम्ही ते ठेंगणं ठेवलंत. झाडाला तुमचा हात चांगला होता, हे कबूल. पहिल्या महिन्यातच तुम्ही मला समोर बसवून शिकवलंत, "खालची जुनी पानं पिवळी झाली, तं पाणी जास्त झालं. शिरा हिरव्या आन मधातलं पिवळं, तं पाण्यात चुना हाये. नुसतं पान पाहू नको, पान कुठी पिवळं झालं ते पाह्य." पानाशी बोलताना तुमचा आवाज मऊ व्हायचा. माझ्याशी बोलताना कधी झाला नाही.

त्या ज्येष्ठात आपण दोघींनी वड पुजला. कुंडीभोवती फिरायला जागा नव्हती, म्हणून सूतच बुंध्याला सात वेढे गुंडाळायचं, ही तुमची रीत. आधी तुमचे सात, त्यावर माझे सात. वर हळद. जुनं सूत तुम्ही कधी काढू दिलं नाहीत. "सूत तोडलं म्हंजे नवऱ्याचं आयुष्य तोडलं." हिवाळ्यात पानं पिवळी पडायला लागली. तुम्ही पाणी बदललंत, खिडकी बदललीत, सरकीची ढेप घातलीत, राख घातलीत. काही म्हणता काही लागू पडेना, तेव्हा तुमची नजर माझ्याकडे वळली. मी माजघरातून गेले की तुम्ही कुंडीवर पदर धरायचात. महिन्याचे चार दिवस तर मला मागच्या पडवीत, लाकडांच्या ढिगाशेजारी झोपायला लावलंत. शेजारणीला मी ऐकेन अशा बेतानं सांगायचात, "पांढऱ्या पायाची हाये. आली आन माहा वड खाल्ला."

शेवटी एके दिवशी माझी पेटी ओसरीवर आली. "तुह्या मूल गावाले जाय, बापाघरी. झाड हिरवं झालं का बोलावून घेईन." मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "बाईले काय म्हणू मी?" एवढंच. मामाजी पान लावत बसले होते, ते पान लावतच राहिले. माहेरी माझा बाप भाताच्या गिरणीवर कामाला. आईनं ताटात भात वाढताना हात आखडता घेतला, तो मला दिसला. आणि फाल्गुनात निरोप आला, तुम्ही यांच्यासाठी कुरखेड्याची एक पोरगी पाहून ठेवली आहे. म्हणजे पान हिरवं झालं तर मी तुमची सून, नाही तर गावाला चघळायला एक गोष्ट.

वडसावित्रीला मी भावाला घेऊन न बोलावता आले. त्या दिवशी सवाष्णीला दारातून परत धाडता येत नाही, हे तुमचंच शास्त्र. तुम्ही ओठ मुडपून बाजूला झालात. मी सूत गुंडाळायला वाकले आणि तुम्ही शिकवलं होतं तसंच पाहिलं, पान कुठी पिवळं आहे ते. सगळं झाड पिवळं होतं. फक्त सुताच्या खाली, बुंध्यातून फुटलेला एक कोंब हिरवागार. हळदीच्या थरात नख घातलं, तर ते आत रुतलं. बाहेरच्या वडाचं सूत पावसात कुजून जातं. तुमचा वड घरात होता. वर्षानुवर्षांचं सूत सालीत रुतलं होतं, आणि वरून माझे सात वेढे.

"बाई, सुतानं गळा आवळला झाडाचा," मी म्हणाले.

"हात नको लावू! सांगून ठेवतो, हात नको लावू!" तुम्ही ओरडलात.

मी मामाजींचा अडकित्ता उचलला आणि सगळं सूत कापून काढलं. तुमचंही. तुम्ही कपाळ बडवून घेतलंत. मला त्या क्षणी काय वाटलं सांगू? गोड वाटलं.

श्रावणात वडाला लाल कोंब फुटले आणि त्यांची हिरवी पानं झाली. त्याच श्रावणात मामाजी गेले. तुम्ही शब्द पाळलात, मला ठेवून घेतलंत. कुरखेड्याच्या पोरीचं नाव पुन्हा निघालं नाही. पुढच्या ज्येष्ठात मी नथ घालून वड पुजत होते आणि तुम्ही पांढऱ्या लुगड्यात, चुलीपुढे, भिंतीकडे तोंड करून बसला होतात. मी सावित्रीची कहाणी मुद्दाम मोठ्यानं वाचली. त्यानंतरही दर वर्षी.

तुमच्या शेवटच्या आजारपणात तुम्ही माझं मनगट धरलंत. "सूनबाई, खरं सांग. सूत तोडलं म्हून गेले का हे?" इतकी वर्षं तुम्ही तो प्रश्न पोटात घेऊन माझ्या हातचं जेवत होतात. मामाजींना जुना हिवताप होता, लग्नाआधीपासून. पोटात प्लीहा वाढलेली होती. त्यानंच ते गेले, असं डॉक्टरनं यांना सांगितलं होतं, यांनी मला. तुम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. मी तुमचं पांघरूण नीट केलं आणि म्हणाले, "मले काय माहीत, बाई?" तुमचा हात तसाच राहिला, मी तो सोडवून घेतला आणि भांडी घासायला गेले.

आज एवढं मोकळं लिहिलं, ते तुमच्यापर्यंत पोचणार नाही म्हणूनच. पोचणार असतं, तर हिवतापाचं वाक्य मी खोडून टाकलं असतं.